हवाई सुंदरीचा डावा कान

माझ्या नोकरीला मराठीत 'हवाई सुंदरी' हे नाव ज्यानं कुणी दिलं, त्याला एकदा माझ्याबरोबर पहाटेच्या विमानात उभं करावं, अशी माझी जुनी इच्छा आहे. फार काही नको. लेकरानं ओकलेली सीट पुसावी, शौचालयातला संपलेला कागद भरावा, चार बाजूंनी आलेल्या 'ओ मॅडम'ला एकाच वेळी हसून उत्तर द्यावं आणि हे सगळं होईपर्यंत ओठांचा लाल रंग जागचा हलू देऊ नये. मग खुशाल सुंदरी म्हणावं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्याइतकी दुसऱ्या कुणाला चपखल बसत असेल असं मला वाटत नाही.

सेलूत मात्र हे नाव जोरात चालतं. आमच्या गल्लीत माझं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नसावं. माझा मोठा भाऊ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मोबाइल उघडायच्याही आधी, आपली बहीण विमानात असते हे सांगतो. आमच्या आईला, म्हणजे मायला, सगळा बाजार 'हवाई सुंदरीची माय' म्हणून ओळखतो. त्याआधी तिला 'जिनिंगवाली' म्हणायचे. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले आणि तेव्हापासून माय कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्यात जायची. तिथं यंत्र सरकी आणि रुई वेगळी करतं. यंत्रात कापूस घालणं आणि त्यातला कचरा वेचणं, हे बायकांचं काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. माझी नोकरी पक्की झाली त्या वर्षी तिनं जिनिंग सोडलं, आणि बाजारातलं तिचं नाव बदललं.

मायचा फोन रोज यायचा. ती फोनवर इतक्या मोठ्यानं बोलते की पलीकडच्या खोलीत झोपलेली माझी सोबतीणही उठून बसायची. मला वाटायचं, बाजाराच्या गावची बाई, तिचा आवाजच तसला. जेवण, झोप वगैरे विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला.

"कान बांधायलीस का न्हाई?"

आमच्याकडे प्रवास म्हटला की कान बांधायचे. एस.टी. असो, जीप असो नाहीतर मोटारसायकल, निघायच्या आधी बाई स्कार्फ शोधते आणि बुवा दस्ती शोधतो. दस्ती म्हणजे रुमाल. निजामाचं राज्य गेलं, पण जाताना दस्ती आमच्या खिशात विसरून गेलं. कानाला वारं लागलं की माणूस आजारी पडतो, यावर आमच्या जिल्ह्यात कुणाचंही दुमत नाही. पक्ष वेगळे असतील, जात वेगळी असेल, पण कान सगळे बांधतात.

"माय, विमानात वारं येत नसतं. खिडक्या उघडत न्हाईत त्याच्या."

"न्हाई उघडू दे. तू बांध."

मी हसून फोन ठेवायची. नोकरी लागली तेव्हा मला हसायला फार यायचं. परभणीत कॉलेज केलं, संभाजीनगरला जाऊन चालायचं कसं, बसायचं कसं आणि इंग्रजी बोलताना तोंड किती उघडायचं हे शिकून आले आणि उंचीच्या जोरावर निवडले गेले. पहिल्या वर्षी ढगांचे फोटो काढले. दुसऱ्या वर्षापासून ढगांकडे पाहायचं राहून गेलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण वरून डोंगर कसे दिसतात तेही मला आता सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मी चहाचे कागदी पेले गोळा करत असते.

लोकांना वाटतं आम्ही उडतो. खरं तर आम्ही उभ्या असतो. स्वस्त विमान कंपनीत एक विमान उतरलं की माणसं बाहेर पडायच्या आत पुढची माणसं येण्याची घाई सुरू होते. मधल्या वेळात सीटच्या फटींतले शेंगदाणे, लंगोट, कुरतडलेली मक्याची कणसं आम्हीच वेचतो. जेवण पडद्यामागे उभ्यानं, तेही झाकण अर्धवट उघडून, कारण कधी घंटी वाजेल सांगता येत नाही. घंटी वाजली म्हणून धावत जावं तर कुणीतरी पंखा समजून बटण दाबलेलं असतं. आमचा भत्ता धरतात तो विमान जागचं हललं की. म्हणजे धुक्यामुळं विमान तासन् तास जमिनीवर अडकलं आणि दोनशे माणसं आमच्यावर ओरडत राहिली, तर ते ओरडून घेणं फुकट. मागच्या थंडीत तर विमानं अशी एकामागून एक रद्द व्हायला लागली की माणसं विमानतळावर पथाऱ्या पसरून झोपली. एक गृहस्थ माझ्या तोंडासमोर मोबाइल धरून, मी का हसतेय असं विचारत होते. हसू नये तर तक्रार, हसावं तर तक्रार. एस.टी. बंद पडली तर निदान खाली उतरून रसवंती तरी शोधता येते.

या सगळ्याला मी सरावले होते. एका कानानं ऐकावं आणि दुसऱ्यानं सोडून द्यावं, हा आमच्या धंद्याचा मूलमंत्र आहे. पण त्यासाठी दोन कान लागतात.

सर्दी हा आमचा व्यवसायाचा आजार. जमिनीवरच्या माणसाला सर्दी झाली तर नाक गळतं. आम्हाला झाली तर नाकातून कानात जाणारी वाट बंद होते, आणि विमान खाली यायला लागलं की बाहेरची हवा कानाच्या पडद्याला आतल्या बाजूला दाबते. म्हणून नियम असा की सर्दीत उडायचं नाही. नियम फार चांगला आहे. कंपनीचा दुसरा नियम असा की वारंवार आजारी पडणाऱ्यांना बोलावून घेऊन विचारायचं, तुम्हाला ही नोकरी झेपते का. त्या हिवाळ्यात मला असं एकदा विचारून झालं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. पुन्हा सर्दी झाली तेव्हा मी ड्यूटीवरच्या बाईला फोन लावला. ती बिचारी म्हणाली, "बघ गं, माणसं नाहीयेत. तू नाही आलीस तर नांदेडचं विमान कुणाला देऊ?" मी नाकात थेंब घातले आणि गेले.

नांदेडचं विमान मला आवडायचं, कारण त्यात आपली माणसं भेटतात. त्या दिवशी परतीच्या वेळी पहिल्याच रांगेत एक आजी बसली होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि कानांवरून हनुवटीखाली घट्ट बांधलेली पांढरी दस्ती. माझ्याबरोबरची मुलगी तिला पाहून गालात हसली. मी पट्टा लावायला वाकले आणि सवयीनं आपल्या बोलीत बोलून गेले.

"आज्जी, असा लावायचा बघा. आन् कान सोडा की, इथं वारं न्हाई."

आजीचे डोळे चमकले. "आगं माय! कुठली तू?"

"सेलूची."

"मी राणीसावरगावची. लेकाकडं चालले. कान न्हाई सोडायची मी. तुमचा काय भरवसा, मधीच खिडकी उघडली तर?"

उतरायची वेळ झाली की आम्ही दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसतो, प्रवाशांकडे तोंड करून. म्हणजे आजी माझ्या अगदी समोर. विमान खाली यायला लागलं आणि माझ्या डाव्या कानात कुणीतरी सुई घालून फिरवतंय असं व्हायला लागलं. जांभई देऊन पाहिली, गिळून पाहिलं, नाक दाबून फुंकर मारून पाहिली. काही सुटेना. डोळ्यांतून पाणी आपोआप यायला लागलं आणि मी हसत राहिले, कारण समोर प्रवासी होते. आजीनं ते पाहिलं.

"पोरी, कान दुखायलाय का तुझा?"

मी मानेनं नाही म्हटलं. तिनं हनुवटीखालची गाठ सोडली, दस्ती काढली आणि पट्ट्यात अडकलेली असताना जमेल तितकं पुढं वाकून ती माझ्याकडे धरली. मला ती घेता येईना. युनिफॉर्मवर दस्ती चालत नाही, हे त्या दुखण्यातही माझ्या लक्षात होतं, याची मला आजही चीड येते. तेवढ्यात आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, कान गरम झाला आणि दुखणं एकदम थांबलं. मला वाटलं, सुटले.

चाकं टेकली. मागच्या दाराजवळच्या मुलीनं विमानातल्या आतल्या फोनवर नेहमीप्रमाणे दारांबद्दल विचारलं. मी फोन डाव्या कानाला लावला होता. काहीच आलं नाही, नुसती पोकळी. मी सवयीनं "हो" म्हणाले. मग फोन उजव्या कानाला लावला तेव्हा कळलं की ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. काही बिघडलं नाही. दार मी नीट पाहिलं आणि माणसं उतरली. पण न ऐकता दिलेला तो 'हो' माझ्या मनातून गेला नाही.

शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला आहे, तो भरून येईल. पण आतल्या कानालाही मार बसलेला दिसतोय, त्याचं काय ते नंतर कळेल. तोवर विमानात पाऊलही टाकायचं नाही. मग मी रेल्वेनं सेलूला आले. स्टेशनवर भावाचा मित्र भेटला तर म्हणाला, "का हो ताई, विमान कुठं लावलं?"

घरी मी सुट्टी आहे एवढंच सांगितलं. कानाला पुन्हा ऐकू येईल असं मला स्वतःलाच वाटत होतं, मग कशाला सगळ्यांना घोर लावा. आठ-पंधरा दिवस निजून काढावेत असा बेत होता. पण सेलूत हवाई सुंदरीला कोण निजू देतं? गल्लीतल्या बायका यायच्या, दिवाणावर बसायच्या आणि मी उठून बसेपर्यंत हलायच्या नाहीत. विमानात गरम पोळी देतात का? पायलट झोपतात का? एवढ्या माणसांची घाण कुठं सोडता, वरूनच का? एकजण आपल्या दहावीतल्या मुलीला घेऊन आली आणि तिला माझ्या पाठीला पाठ लावून उभं केलं. "बसती का बघा हिची उंची." मुलगी लाजून मेली. मी म्हणाले, बसेल. त्या बाईच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला, तो पाहून मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण मी हसले. माझा चेहरा आता माझं ऐकतच नाही, ओठांचे कोपरे आपोआप वर जातात.

पडदा भरून आला असं वाटायला लागलं, पण डाव्या बाजूचं जग परत आलं नाही. त्या बाजूला फक्त एक बारीक शिट्टी, कुकर दूरवर कुठंतरी लागलेला असावा तशी. मी उशीवर उजवा कान टेकवून झोपले की गल्ली बंद व्हायची, भोंगे बंद, कुत्री बंद. खरं सांगते, आधी ते मला बरं वाटलं. इतकी शांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

एका दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते आणि माय माझ्या डाव्या हाताला मेथी निवडत होती. मला तिचे हात दिसत होते, ती काहीतरी बोलतेय हे कळत होतं. मी नेहमीसारखी तिच्याकडे पाहून हसले, मान हलवली आणि म्हणाले, "हो माय, ठेव तिथंच."

मायनं मेथी खाली ठेवली. उठली, माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"काय म्हणलं मी?"

"मेथीचंच म्हणलीस ना काहीतरी?"

"मी म्हणलं, शेजारच्याचा बैल घरात शिरलाय आन् तुझ्या बॅगेतले कपडे खायलाय. तू म्हणलीस, ठेव तिथंच."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. मायनं मला रडू दिलं. मग पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"आल्यापासून बघायले मी. तुला हाक मारली की भलतीकडंच बघायलीस. आन् ते हसू. ते हसू मला वळखू येतं गं. जिनिंगमधी मशीन सुरू झाली की बाजूच्या बाईचं काय ऐकू येतंय? तिनं तोंड हालवलं की आपण मान हालवायची आन् हसायचं. समद्या बाया तशाच हसायच्या. बाहेर आल्यावरबी तसंच."

"तुला कसं कळलं पण, एका कानानं—"

"माझाबी गेलेलाच हाय की." तिनं आपल्या डाव्या कानाला बोट लावलं. "तुमी शाळंत व्हता तवापासून."

फोनवरचं तिचं ते ओरडणं, लग्नकार्यात मी तिला हळू बोल म्हणून केलेले डोळे, सगळं एकदम आठवलं. इतकी वर्षं एका घरात काढली आणि आम्हा दोघा भावंडांना कळलं नाही. कळणार कसं? ती हसायची, मान हलवायची. आम्ही समजायचो, माय गरीब स्वभावाची आहे, कशालाच नाही म्हणत नाही.

"मग ते कान बांध म्हणायचीस, ते वाऱ्यासाठी नव्हतं?"

"वाऱ्याचं काय घेऊन बसलीस? जिनिंगमधी आमी कापूस कोंबून वरून दस्ती बांधायचो. मी बांधली, पर उशिरा. विमानबी मशीनच हाय की. त्याचा काय आवाज कमी असतोय?"

तिच्या हिशेबात कारण वेगळं होतं. माझा कान आवाजानं गेला नव्हता. पण ते समजावून सांगायची मला ताकद नव्हती, आणि खरं पाहिलं तर फरक तरी काय होता. मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीस.

"मुकादमाला कळलं असतं तर पुढच्या सीझनला घेतलं नसतं. ऐकू न येणाऱ्या बाईचा हात मशीनीत जातो म्हणून घरी बसवायचे. मी दिसू दिलं न्हाई." आणि मग हातातलं सगळं काम बाजूला सारून, एखादी भाजी शिकवावी तशी, ती मला शिकवायला लागली. "हा कान भिंतीकडं ठेवायचा. माणूस चांगल्या कानाकडं येईल असंच उभं ऱ्हायचं. तोंडाकडं बघायचं, डोळ्याकडं न्हाई. आन् कळलं न्हाई तर 'म्हंजी कसं?' म्हणायचं. माणसाला आपलं बोलणं दुसऱ्यांदा सांगायला लय आवडतं."

"माय, विमानात भिंत नसते. मधून वाट असते, दोन्ही बाजूंनी माणसं."

"मग उलट्या तोंडानं चाल. तू हुशार हायस. पर सांगू नको कुणाला."

मला वाटलं होतं की ती म्हणेल, सोड ती नोकरी, कान गेला तिथं काय ठेवलंय. ती तसं म्हणाली असती तर मी कदाचित भांडले असते आणि परत गेले असते. पण तिला ती नोकरी माझ्याहून जास्त हवी होती. मी म्हणाले, आग लागली, धूर झाला, तर पुढून हुकूम येतो, तो ऐकूनच दार उघडायचं असतं. ती म्हणाली, "रोज कुठं आग लागती?" मी म्हणाले, रोज नाही लागत. तिनं विषय संपवला. "मग झालं तर."

मी तिला नावं ठेवत नाही. तिनं जे केलं त्यावर आम्ही दोघं जेवलो, शिकलो. आणि मी काही फार मोठी तत्त्वाची बाई नाही. रात्रंदिवस जिच्या नावानं बोटं मोडते ती नोकरी गेली तर मी सेलूत कोण, या प्रश्नाची मला भीती वाटायची. जमिनीवरचं काम कंपनी देईल, न देईल. तिशी उलटलेली, बिनलग्नाची, एका कानानं बहिरी. ज्या बायका आज उंची मोजून घ्यायला येतात, त्याच उद्या मला स्थळं सुचवायला येतील, तीही बिजवराची. मग मी खरंच मायची शिकवणी मनावर घेतली. बाजारात जाताना डावा खांदा दुकानांकडे ठेवायचा. भावाशी बोलताना त्याच्या ओठांकडे पाहायचं. भावाला काही कळलं नाही, आणि मायला आमचं हे गुपित चांगलंच रुचलं. ती मला दुरून बघायची आणि जमलं की डोळे मिचकवायची. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा एकमेकींच्या कधी झालो नव्हतो, हेही खरंच.

मग कंपनीचा फोन आला. कामावर घ्यायच्या आधी ऐकण्याची तपासणी हवी. कुठंही करा, चांगल्या डॉक्टरकडून करा. डावा कान ठरलेल्या मापाच्या खाली असेल तर उडणं बंद.

आम्ही दोघी परभणीला गेलो. भावाला सांगितलं, मायचे गुडघे दाखवायचेत. गाडीत माय माझ्या उजव्या बाजूला बसली. मग तिच्या लक्षात आलं की तिचा बहिरा कान माझ्या बाजूला येतोय. आम्ही जागा बदलून पाहिली, तर माझा तिच्याकडे आला. आम्ही दोघीही खूप हसलो, अगदी समोरची माणसं बघेपर्यंत. शेवटी ती समोरच्या बाकावर जाऊन बसली आणि पोखर्णीच्या नरसिंहाला काय बोलली ते मला ओरडून सांगत राहिली. अख्ख्या डब्याला नवस कळला.

तपासणीची खोली लहान होती. तिच्यात काचेची खिडकी असलेली एक कपाटासारखी पेटी, आत एक खुर्ची. बाहेर टेबलावर यंत्र आणि यंत्रासमोर एक तरुण मुलगी. जागा नव्हती म्हणून मायला त्या मुलीच्या मागच्या स्टुलावर बसू दिलं. मुलीनं माझ्या कानांवर जाड हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला, कितीही बारीक आला, तरी बोट वर करायचं. दार बंद झालं. आतून कान बांधल्यासारखं झालं.

आधी उजवा कान. टूं. बोट वर. टूं. बोट वर. सोपं होतं. मुलगी मान खाली घालून यंत्राचं बटण फिरवत होती. काचेतून मला तिचा भांग दिसत होता आणि तिच्या मागे माय, ताठ बसलेली, यंत्राकडे टक लावून. आवाज सोडला की यंत्रावर एक लहान दिवा लागतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मायनं ते ओळखलं होतं. दिवा लागला की लेकीचं बोट वर जातं, एवढं तिनं पाहून ठेवलं.

मग मुलीनं खुणेनं सांगितलं, आता डावा.

मी वाट पाहत बसले. शिट्टी सोडून काही नव्हतं. आणि मग मी पाहिलं, मांडीवर धरलेल्या पदराखालून मायचं बोट वर आलं. खाली गेलं. ती माझ्याकडे पाहत होती. पुन्हा बोट वर. तिचे डोळे मोठे झाले होते, जिनिंगच्या गोंगाटात पलीकडच्या बाईला बजावावं तसे. आत्ता. आत्ता गं. मुलगी मान वर करत नव्हती. मला फक्त मायच्या बोटाबरोबर माझं बोट उचलायचं होतं. डावा कान उजव्यासारखाच निघाला असता, पुढच्या आठवड्यात मी विमानात असते, आणि सेलूच्या बाजारात तिचं नाव तेच राहिलं असतं. माझं बोट उचललंही गेलं होतं, अर्धं.

मी डोळे मिटले.

अंधारात मी प्रामाणिकपणे ऐकत राहिले. हात मांडीवर पडून होते. फार उशिरा, फार दूरवर, एकदा दोनदा काहीतरी आल्यासारखं वाटलं, तेव्हा बोट वर केलं. डोळे मात्र मुलीनं येऊन दार उघडेपर्यंत उघडले नाहीत, कारण काचेपलीकडचा चेहरा पाहायची माझी हिंमत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात माय माझा दंड धरून मला भिंतीशी घेऊन गेली. चांगल्या कानाच्या बाजूला आली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता.

"डोळे कामून मिटलेस गं? मी सांगायलते ना तुला."

माझ्याजवळ आगीचं, धुराचं, माणसांच्या जिवाचं उत्तर तयार होतं. तेही खरं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं.

"मी लय दमले, माय."

तिनं माझा दंड सोडला. बाकावर बसली, चपला काढल्या, पाय वर घेतले. ती समोरच्या माणसांच्या हलणाऱ्या तोंडांकडे पाहत राहिली.

"मीबी लय दमले व्हते," ती म्हणाली. "पर मला डोळे मिटायचं सुचलंच न्हाई."